भाऊ रोज तीन तास जिममध्ये, तरी स्वतःला 'काडी' म्हणतो. डॉक्टरकडे कसं न्यावं?

नमस्कार, लहान भावाबद्दल विचारायचंय. वय २३, सांगलीला आईबाबांजवळ असतो, मी पुण्यात. अकरावीपासून जिमला जातो, आता दंड एवढे भरलेत की शर्टाच्या बाह्या उसवून घ्याव्या लागतात, आणि हा मुलगा ऐन मे महिन्यात आत दोन टीशर्ट वर हुडी घालून फिरत होता, का तर म्हणे मी काडी दिसतो.

आधी आम्हाला कौतुकच होतं, दारू नाही सिगरेट नाही, आई तर सगळ्यांना सांगत सुटायची. पण मावसबहिणीच्या लग्नात उकडलेल्या चिकनचा डबा घेऊन आला, पंगतीला न बसता गाडीत जाऊन खाल्लं आणि वर्कआउट चुकतोय म्हणून अक्षता पडायच्या आधीच निघून गेला. एका नोकरीचा इंटरव्ह्यूपण असाच सोडलाय.

शोधताना मसल डिसमॉर्फिया हे नाव सापडलं, म्हणजे स्नायू भरलेले असूनही आपण बारीकच आहोत असं सतत वाटत राहणं. अमेरिकेतल्या हॅरिसन पोप या सायकियाट्रिस्टने १९९३ मध्ये बॉडीबिल्डर्समध्ये हे बघून आधी 'उलटा अ‍ॅनोरेक्सिया' म्हटलं होतं (अॅनोरेक्सिया म्हणजे बारीक असूनही स्वतःला जाड समजून उपाशी राहण्याचा आजार), मसल डिसमॉर्फिया हे नाव १९९७ चं. २०१३ च्या डीएसएम-५ मध्ये (मानसिक आजारांची अमेरिकन यादी) तो बॉडी डिसमॉर्फिक डिसऑर्डरचा, म्हणजे आपल्या दिसण्यात खोट आहे या विचाराने पछाडणाऱ्या आजाराचा, प्रकार धरलाय, म्हणजे ओसीडीच्याच (तेच तेच विचार आणि कृती परत परत होण्याचा आजार) घरातला. हे वाचलं तेव्हा कुठे कळलं की आरशात शंभरदा बघणं हा शोऑफ नाहीये, तो दाखवत नाहीये, लपवतोय. इतकी वर्षं मी त्याला 'हिरो' म्हणून चिडवलं याचं फार वाईट वाटतंय.

आता खरी भीती. आईला कपाटात टेस्टोस्टेरॉनच्या (पुरुषी हार्मोन) इंजेक्शनच्या बाटल्या सापडल्या. म्हणतो सगळेच घेतात ताई, सायकल (इंजेक्शनचा ठरावीक काळाचा कोर्स) संपली की बंद. बाबा फेकून द्यायला निघाले होते, मी थांबवलं, कारण बाहेरून घेतलं की शरीर स्वतःचं बनवणं कमी करतं आणि अचानक बंद केल्यावर काही जण डिप्रेशनमध्ये जातात असं वाचलं. बरोबर केलं ना? आधी एंडोक्रायनॉलॉजिस्टला (हार्मोनच्या डॉक्टरला) दाखवायचं की सायकियाट्रिस्टला? हार्ट, लिव्हरच्या तपासण्या तर करायच्याच आहेत.

'अरे मस्त दिसतोस' म्हटलं की उलट चिडतो, त्याला वाटतं आम्ही समजूत काढतोय. 'जिम बंद कर' म्हटलं तर दोन दिवस बोलत नाही. यावर सीबीटी (विचार आणि सवयी बदलायला शिकवणारी थेरपी) आणि ओसीडीला देतात तसल्या गोळ्यांचा उपयोग होतो म्हणे, पण जो आजारी आहे असं मानतच नाही त्याला दारापर्यंत न्यायचं कसं? सांगली, मिरज, कोल्हापूरकडे बॉडी डिसमॉर्फियाचे पेशंट बघितलेले कुणी डॉक्टर आहेत का? टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या १४४१६ वर पेशंटऐवजी घरच्यांनी फोन केलेला कुणाला अनुभव आहे का?

यातून गेलेल्या मुलांनी तर नक्की लिहा, नाव नका सांगू हवं तर. राखीला तो दोन दिवस माझ्याकडे येतोय. तेव्हा पहिलं वाक्य काय बोलू, तेवढं तरी सांगा.