मदत हवी आहे: तुवालूच्या रंगीत चांदीच्या नाण्याची घनता कमी येते

तुवालूचं 1 डॉलरचं, पर्थ टांकसाळीचं 1 औंस नाणं आहे, एका बाजूला रंगीत छपाई. वजन 31.1 ग्रॅम, व्यास 40.6 मिमी, दोन्ही बरोबर. घनता मात्र खटकते. 0.01 ग्रॅमच्या काट्यावर पाण्याचा पेला ठेवून शून्य केलं, नाणं दोऱ्याने बुडवून तळाला न टेकता अधांतरी धरलं. शुद्ध चांदीला (घनता 10.49 ग्रॅम/मिली) काट्यावरचा आकडा, म्हणजे नाण्याने बाजूला सारलेल्या पाण्याचं वजन, 2.96 ग्रॅम यायला हवा, येतोय 3.15, म्हणजे घनता (31.1 भागिले 3.15) 9.87.

कडेच्या खाचांत अडकलेले बुडबुडे आकडा वाढवतात, पण 0.19 मिली हवा तर डोळ्यांना दिसेलच. रंगाच्या थराने एवढा फरक पडतो का? साबणाचा थेंब टाकलेल्या पाण्यात पुन्हा बुडवलं तर छपाईला धोका आहे का? घासायचं अजिबात नाही.