लॅप कोलेनंतरच्या (दुर्बिणीतून पित्ताशय काढल्यावरच्या) उलट्या: नुसतं ऑन्डॅनसेट्रॉन (उलटीवरचं औषध) पुरेल?

प्रश्न: बाई पेशंट, सिगारेट नाही, बस लागते, नंतर ट्रामाडॉल (अफूवर्गीय वेदनाशामक) ठरलंय. दुर्बिणीतून पित्ताशय काढायचंय. ऑन्डॅनसेट्रॉन ४ मिग्रॅ बास का?

भूलवाला: नाही. अपफेल स्कोअर (ऑपरेशननंतर उलटीचा धोका मोजणारा; तुम्ही सांगितलेल्या चारही गोष्टींना एकेक गुण) ४ पैकी ४, म्हणजे धोका सुमारे ८०%. डेक्सामेथासोन (उलटी टाळणारं स्टेरॉइड) ४ ते ८ मिग्रॅ भूल चढल्यावर लगेच द्या. जाग्या पेशंटला भसकन दिलं तर गुदद्वाराशी भयंकर खाज सुटते. ऑन्डॅनसेट्रॉन शेवटी, टाके घालताना. भुलीच्या गॅसऐवजी प्रोपोफॉलवरच (शिरेतून द्यायचं भुलीचं औषध) ठेवलंत तर उत्तम.

रिकव्हरी_सिस्टर: मधुमेह असेल तर डेक्सानंतर साखर बघत राहा.

प्रश्न: तरीही उलटी झालीच तर?

भूलवाला: सहा तासांच्या आत परत ऑन्डॅनसेट्रॉन देण्यात अर्थ नाही, औषधाचा गट बदला. आणि ट्रामाडॉल कशाला? त्याने मळमळ वाढते, वर ऑन्डॅनसेट्रॉन त्याचा वेदनाशामक परिणामही कमी करतं. पॅरासिटामॉल द्या, पोर्टच्या (दुर्बीण घालायच्या छिद्रांच्या) जागी बुपिव्हाकेन (जागा बधिर करणारं औषध) टोचा.