मदत हवी आहे: जुन्या बटणांच्या फोनवर मराठी विकिपीडिया कसा बसवू?

कळफलक:

नमस्कार मंडळी,

कपाटात पडून असलेला एक जुना बटणांचा फोन चार्जिंगला लावला, तर चक्क सुरू झाला. पडदा १२८ × १६० पिक्सेलचा, जावा ॲप चालतात (एमआयडीपी २.०, म्हणजे जुन्या फोनांसाठीचं जावा), मेमरी कार्डही घेतो. तेव्हापासून डोक्यात किडा वळवळतोय, की यात मराठी विकिपीडिया बसवायचा, तोही इंटरनेटशिवाय चालेल असा. उपयोग काय, हे घरच्यांनी विचारून झालंय, तुम्ही विचारू नका.

आधी सोपा रस्ता पाहिला. फोनचा ब्राउझर साईट थेट उघडतच नाही. आताच्या साईटी एचटीटीपीएसशिवाय (सुरक्षित जोडणीशिवाय) बोलत नाहीत आणि या फोनला त्यासाठी लागणारं टीएलएस १.२ कशाशी खातात ते माहीत नाही. मध्ये स्वतःचा छोटा सर्व्हर ठेवून साधी पानं करून दिली तेव्हा उघडली, पण मराठीच्या जागी नुसते चौकोन. मग स्वतःचं ॲप लिहायला घेतलं. संगणकावर डंप (विकिपीडियाच्या सगळ्या लेखांची एकगठ्ठा फाईल) उतरवला, पायथनमध्ये प्रोग्रॅम लिहून मजकुरातल्या विकीच्या खुणा काढल्या, सगळा मजकूर एका मोठ्या फायलीत भरून कार्डावर टाकला.

आता गाडी तीन ठिकाणी अडली आहे. अक्षरांच्या चित्रांची पट्टी करून अक्षरं उमटवतोय, पण जोडाक्षरं पाय मोडलेली दिसतात आणि पहिली वेलांटी अक्षराच्या उजवीकडे जाऊन पडते. दुसरं, यादीतला सुरुवातीचा लेख लगेच उघडतो, शेवटचा उघडायला लावला की चहा करून यावं. तिसरं, बारा बटणांवर मराठीत शोध द्यायचा कसा? कुणी असले उद्योग केले असतील तर हात द्या.

शिरोरेखा:

पहिल्या प्रश्नाचं सांगते. जोडाक्षरं जुळवायचं काम फोनवर करूच नका. ते सगळं संगणकावर उरकून घ्या. हार्फबझ ही लायब्ररी मजकूर घेते आणि फाँटमधलं कुठलं चित्र कुठल्या क्रमाने मांडायचं ते आकड्यांत देते. वेलांटी आधी, रफार वर, सगळं जागच्या जागी. ते आकडेच फायलीत साठवा. फोनने फक्त आकडा वाचायचा आणि पट्टीतलं ते चित्र उमटवायचं, एवढंच काम.

यात जागाही वाचते. देवनागरीचं प्रत्येक चिन्ह यूटीएफ-८ मध्ये, म्हणजे मजकूर साठवायच्या नेहमीच्या पद्धतीत, ३ बाईट खातं. ‘ज्ञानकोश’ या शब्दात चिन्हं ८, म्हणजे २४ बाईट. तोच शब्द चित्रांत मोजा: ज्ञ, काना, न, क, ओकार, श. नेहमीच्या चित्रांना एकेक बाईट दिला तर ६ बाईटमध्ये काम झालं. एकूण चित्रं २५६ च्या वर जातीलच, तेव्हा क्वचित येणाऱ्या जोडाक्षरांना दोन बाईट द्या.

आणि एक खड्डा आधीच दाखवून ठेवते. ‘दुसऱ्या’मधला अर्धा र लोक दोन तऱ्हांनी टंकतात. कुणी नुक्त्याच्या ऱ ला हलन्त देतं, कुणी साध्या र नंतर हलन्त आणि अदृश्य जोडणीचं चिन्ह. दिसायला सारखेच, आतून वेगळे. आधी सगळे एका तऱ्हेचे करून घ्या, नाहीतर शोधात निम्मे लेख सापडणार नाहीत.

पोटफोड्या_ष:

जुन्या फोनांवरच्या ऑपेरा मिनी ब्राउझरात हेच होतं की! त्याच्या कॉन्फिगच्या (सेटिंगच्या) पानात अवघड लिप्यांसाठी बिटमॅप फाँट (चित्ररूप अक्षरं) वापरण्याचा पर्याय असायचा. तो ‘येस’ केला की मजकूर सर्व्हरवरूनच चित्रं होऊन यायचा आणि चौकोनांच्या जागी मराठी उमटायची. कितीजणांच्या फोनवर मी ते करून दिलंय याची गणती नाही. डेटा जास्त जायचा, पण वाचता यायचं.

जुनाजाणता:

धागा बघून जुने दिवस आठवले. थोडं विषयांतर करतो, पण उपयोगाचं आहे.

तुम्हाला १२८ × १६० चा पडदा लहान वाटतोय. १९९९ च्या नोकिया ७११० चा पडदा होता ९६ × ६५, आणि तेव्हाच्या वॅपमध्ये, म्हणजे फोनांसाठीच्या साध्या इंटरनेटमध्ये, पानाला ‘डेक’ म्हणत, त्यात ‘कार्डं’. गेटवेने (मधल्या सर्व्हरने) पानाच्या डब्ल्यूएमएल भाषेचं आटोपशीर बाईटकोडात रूपांतर केल्यावर डेक १३९७ बाईटच्या आत बसवावा लागे, नाहीतर फोन पान नाकारायचा. देवनागरी त्यात साडेचारशे चिन्हं मावली असती, तीही खुणा न धरता. तेव्हा ज्ञानकोश वॅपवर आणणाऱ्यांपुढचा खरा प्रश्न ‘लेख कुठे कापायचा’ हाच होता. २००४ मध्ये सुरू झालेलं वॅपिडिया विकिपीडियाचे लेख तुकड्यातुकड्यांनी द्यायचं. विकिपीडियाने स्वतःच्या मोबाईल साईटवर पुढे विभाग मिटवून ठेवले, मथळ्यावर टिचकी मारली की उघडणार. तेही कापणंच, फक्त जरा सभ्य.

तुमचंही घोडं तिथेच अडणार आहे, अजून तुम्हाला दिसलेलं नाही एवढंच. लेखाच्या विकी-मजकुरात माहितीचौकट (लेखाच्या बाजूला दिसणारा ठळक माहितीचा तक्ता) सगळ्यात वर असते. ती सरळ ओळींत उतरवली तर दहा ओळींच्या पडद्यावर चार-पाच पडदे नुसती चौकट: झेंडा, क्षेत्रफळ, कोड क्रमांक. पहिलं वाक्य त्याच्याही खाली. आणि ते वाक्य आलं तरी नावापुढे कंस, कंसात इंग्रजी नाव, उच्चार, जन्मतारीख. वाचणाऱ्याला ‘हा कोण’ एवढंच हवं असतं. चौकट शेवटी न्या, पहिला कंस गाळा. टेबलं सरळ टाकून द्या. मी टेबलं वाचवायला महिना घालवला होता, वाचणाऱ्या एकानेही ती उघडली नाहीत.

कळफलक:

शिरोरेखाताई, आकड्यांची युक्ती रात्री करून पाहिली. ‘क्षत्रिय’ पहिल्यांदा नीट उमटलं तेव्हा घरच्यांना उठवून दाखवणार होतो! जुनाजाणता काका, चौकटीचं अगदी खरं आहे, आतापर्यंत मी एकच लेख तपासत होतो आणि त्याला नेमकी चौकट नव्हती.

वेगाचं मात्र जमलेलं नाही.

पोटफोड्या_ष:

वेगाचं कारण सोपं आहे. जावाच्या त्या फाईल-जोडणीत वाचताना मधल्या जागी उडी मारायची सोयच नाही. स्किप म्हटलं तरी बरेच फोन आतल्या आत सगळं वाचत पुढे जातात. म्हणजे शेवटच्या लेखासाठी अख्खी फाईल चाळली जाते. मोठी फाईल फोडा, ६४ केबीच्या आसपासचे तुकडे करा, आणि कुठला लेख कुठल्या तुकड्यात याची छोटी यादी ठेवा. सगळे तुकडे एकाच फोल्डरात कोंबू नका, फॅटमध्ये (मेमरी कार्डावर फायली मांडायच्या पद्धतीत) फोल्डरची यादी ओळीने चाळली जाते. नावं आठ अक्षरांच्या आत ठेवा.

कळफलक:

फोडली. उघडतं झटकन, पण आता फोन प्रत्येक तुकड्याला विचारतो, ‘या ॲपला फाईल वाचू द्यायची का?’ एका लेखाला तीन वेळा ‘हो’ म्हणावं लागलं. सेटिंगमध्ये ‘पहिल्या वेळीच विचारा’ हा पर्यायच दिसत नाही.

पोटफोड्या_ष:

अरेरे, तेवढं सांगायचं राहिलं. ॲपवर अधिकृत डिजिटल सही नसली की काही फोन दरवेळी विचारतात. चूक माझी.

जुनाजाणता:

मग कार्ड सोडा. मजकूर जार फायलीतच, म्हणजे जावा ॲप ज्या फायलीत बांधलेलं असतं तिच्यातच, घाला. ॲपला स्वतःच्या जारमधलं वाचायला कुणाची परवानगी लागत नाही, आणि जार म्हणजे झिपच, त्यामुळे मजकूर आपोआप दाबला जातो. या फोनांच्या जावात दाबलेलं उलगडायची सोय नसते, ती स्वतः लिहायची वेळ टळली. आधीचे कित्येक फोन ६४ केबीच्या वर जार घेत नसत, तुमचा किती घेतो ते आधी बघा.

अर्थात सगळा विकिपीडिया त्यात मावणार नाही. मावू नयेच. हजार-दोन हजार लेखांचा फक्त पहिला परिच्छेद घ्या. विषयवार चार जार करा, हवा तो उघडा.

कळफलक:

१ एमबीपर्यंत घेतो, आत्ताच पाहिलं. सगळा विकिपीडिया खिशात असं मनात होतं, त्यामुळे जरा हिरमुसलोय. पण बरोबर आहे. तिसऱ्या प्रश्नाचं कुणी सांगेल का?

शिरोरेखा:

वर्ग वापरा. आपल्याकडे वर्णमालेची मांडणी आयती आहे. स्वरांना १, क-वर्गाला २, च-वर्गाला ३, ट ४, त ५, प ६, य र ल व यांना ७, श ष स ह ळ यांना ८. काना-मात्रा, हलन्त, अनुस्वार सोडून द्यायचे. शीर्षकांचे आकडे संगणकावरच काढून लावून ठेवा. ‘ज्ञानकोश’ म्हणजे ज ञ न क श, ३३५२८. वाचणारा आकडे दाबेल, खाली जुळणारी शीर्षकं येतील.

लहान शब्दांत गर्दी होते. पाणी, माठ आणि भाडे तिन्ही ६४. पण तीन-चार ओळींतून निवडायला काही त्रास नाही, आणि टंकताना ऱ्हस्व-दीर्घ चुकलं तरी लेख सापडतो. शुद्धलेखनवाले रागावतील, रागावू देत.

कळफलक:

हे भारी आहे! आजच लावतो.

पोटफोड्या_ष:

एक राहिलं. कुणाला जार देणार असाल तर आत ‘माहिती’चं पान ठेवा. विकिपीडियाचा मजकूर सीसी बाय-एसए परवान्याखाली (श्रेय देऊन, त्याच अटींवर पुढे वाटायचा) आहे. तेव्हा परवान्याचं नाव, मूळ लेखांचा पत्ता आणि मजकूर कापलाय ही नोंद हवी. डंपची तारीखही टाका, फोनमधला लेख तिथेच थांबलेला राहणार. आणि पहिला स्क्रीन उमटला की फोटो चिकटवा इथे.