काकांच्या घरासाठी बंदूक : रविवारी वाडीच्या ग्रुपवर झालेली चर्चा

दादा (ह्यूस्टन) : वरच्या वाडीत बंद घराचं कुलूप तोडल्याचं वाचल्यापासून मला झोप नाही. बाबा ८१, आई ७६, एवढ्या मोठ्या घरात दोघंच. माझ्याकडे इथे बारा बोअरची पंप ॲक्शन शॉटगन, म्हणजे छर्ऱ्यांची बंदूक आहे, नळी साडेअठरा इंच. घरात फिरवायला सोपी पडते. अशीच आखूड नळीची बाबांसाठी बघा. पैशाचं मी बघतो.

धाकटा (पनवेल) : नवीन कशाला? आबांची दुनळी नानाकडे आहेच. नळी कापून घेऊ, कोणीही फॅब्रिकेशनवाला करून देईल.

ताई (ठाणे) : आणि बिबट्याचं काय? गेल्या महिन्यात शेजारचा कुत्रा नेला.

नाना : धाकट्या, तो मेसेज आधी डिलीट कर. नळी कापणं हाच मुळी गुन्हा आहे. शस्त्र कायदा १९५९, कलम ६. २०१९ च्या दुरुस्तीनंतर कमीत कमी ७ वर्षं, जास्तीत जास्त जन्मठेप. माझा परवाना आणि आबांची आठवण, दोन्ही जातील.

दादा, तुझ्याकडचं माप इकडे चालत नाही. तुमच्याकडे १९३४ च्या कायद्याने १८ इंचांखालच्या नळीची वेगळी नोंदणी लागते, म्हणून तुझी साडेअठरा इंची साध्या शॉटगनमध्ये मोडते. आपल्या कायद्याच्या कलम १३ मध्ये संरक्षणासाठी ज्या बंदुकीला परवाना द्यावा म्हटलंय, तिची नळी २० इंचांहून कमी नसावी असं स्पष्ट लिहिलंय. तुझी तिथेच अडते. आणि २० इंची मागितली तरी जिल्हाधिकारी कार्यालयात अर्ज, पोलीस चौकशी, हाताळणीच्या प्रशिक्षणाचा दाखला, सगळं काकांच्या नावाने व्हायला हवं. माझी बंदूक त्यांच्या घरी ठेवून मी निघून गेलो तर ते बेकायदा.

दादा : पण लांब नळी घरात अडते, हे तर खरं ना?

नाना : खरं आहे. काल रात्री दुनळी रिकामी केली, दोनदा तपासली आणि मोठ्या घरात माजघरातून पडवीपर्यंत नेऊन बघितली. नळी ३० इंच. माजघराची चौकट बुटकी, वाकून जावं लागतं, आणि माणसाच्या आधी नळीचं टोक उंबऱ्यापलीकडे जातं. दाराआड कोणी असेल तर तो नळीलाच हात घालेल.

मग काकांच्या खाटेपासून दारापर्यंत टेप धरला. ११ फूट. एवढ्या अंतरात छर्रे पसरत नाहीत, फार तर मुठीएवढी जागा व्यापतात. म्हणजे नेम धरावाच लागतो, नळी लांब असो की आखूड. आखूड केली की बंदूक हलकी होते, खांद्याला धक्का जास्त बसतो, आवाज आणि जाळ वाढतो. काळोखात एक बार काढला की डोळ्यांपुढे अंधारी येते. चुकलेले छर्रे बाहेरची चिऱ्याची भिंत अडवेल, पण काकी झोपतात त्या खोलीला आतून कुडाची भिंत आहे. ती काय अडवणार?

आता जे कधी कोणाला सांगितलं नाही ते सांगतो. १९९४, गणपतीच्या आदली रात्र. मी मुंबईत कामाला होतो. रातराणी वेळेआधी पोचली. स्टॉपवरून पावसात सामान घेऊन घाटी चढलो, पहाटे ३ ला मागच्या दारी. कोणाची झोपमोड नको म्हणून कडी हळूच हलवली. आतून आबा, "कोण ता?" मला एवढी धाप लागलेली की शब्द फुटेना. पुन्हा "कोण ता?" आणि पाठोपाठ घोडा चढवल्याचा कट् आवाज. "आबा, मी!" एवढंच ओरडलो. दार उघडलं तेव्हा नळी जमिनीकडे होती आणि आबा लटलट कापत होते. त्या दिवशी ते आरतीला उभे राहिले नाहीत. पडवीत बसून होते. तेव्हापासून काडतुसं वेगळ्या पेटीत, आणि ती किल्ली त्यांच्या करगोट्याला.

आबांनी दोनदा हाक मारली आणि माझं उत्तर त्यांना ऐकू आलं, म्हणून मी आज हे लिहितोय. दादा, काकांना ऐकू येत नाही. यंत्र रात्री काढून ठेवतात. चतुर्थीला आपल्याकडे कोण किती वाजता येईल याचा नेम नसतो, पोरं पडवीभर झोपलेली असतात. तुझाच मुलगा पहाटे आला तर?

ताई : नाना, अंगावर काटा आला.

नाना : ताई, बिबट्यासाठी तर बंदुकीला हातच लावायचा नाही. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात तो पहिल्या अनुसूचीत, म्हणजे सगळ्यात जास्त संरक्षण असलेल्या प्राण्यांत आहे. वनखात्याला १९२६ वर फोन करायचा, कुत्रा रात्री आत घ्यायचा.

धाकटा : सॉरी नाना, मेसेज काढला. पण रात्री घर फोडून कोणी आत आलाच तर कायदा आपल्या बाजूने असतो ना?

नाना : असतो. न्याय संहितेत कलम ३४ ते ४४ त्यासाठीच आहेत, रात्रीच्या घरफोडीचा वेगळा उल्लेख आहे. पण गरजेपेक्षा जास्त इजा केली तर ते संरक्षण राहत नाही. आणि बंदूक हाताशी असेलच असंही नाही. निवडणूक लागली की बहुधा ठाण्यात जमा करावी लागते. गेल्या खेपेला परत मिळाली ती डाव्या नळीत गंजाचे ठिपके घेऊन. पावसाळाभर तेलाचा हात लागला नव्हता.

दादा : मग मी करू तरी काय? चौदा हजारांहून जास्त किलोमीटरवरून नुसता फोनकडे बघत बसतो.

नाना : तू इन्व्हर्टरचे पैसे पाठव. वीज गेली की सगळंच बंद पडतं. खळ्यात आणि विहिरीकडे हालचालीवर पेटणारे दिवे लावू. माजघरात भोंग्याचं बटण, भोंगा माझ्या घराच्या बाजूला. ११२ नंबर काकींच्या फोनवर पहिल्या बटणाला. आणि रात्री येणाऱ्याने एसटीतून उतरल्यावर मला फोन केल्याशिवाय घाटी चढायची नाही, हा नियम आजपासून सगळ्यांना. गणपती होईपर्यंत मी मोठ्या घरीच झोपतो.

काकी : माका बंदूक नको हा. ती रात माका आठवता, मी माजघरातच होतंय. मागच्या दाराचो आडसर वाळयेन खाल्ल्यान हा, तो आधी बदला.

नाना : काकी, उद्या सकाळी सुताराला घेऊन येतो. मांगरात फणसाची फळी आहे, तिचा करू.