गच्चीवर आपल्याकडची फुलपाखरं, मधमाश्या, कोळी यावेत म्हणून काय लावू?

रश्मी_कोथरूड
चौथ्या मजल्यावर छोटी गच्ची आहे, दुपारपर्यंत ऊन भरपूर. नर्सरीतून पेटुनिया, डेलिया, बोगनवेल आणली, दिसतं छान पण कुंड्यांकडे कोणी फिरकतच नाही. मला नुसती शोभा नकोय, किड्यांना, कोळ्यांना खरंच राहता येईल अशी बाग करायचीय. आणि कढीपत्त्यावर पक्ष्याची शीट पडल्यासारखं काळं-पांढरं काहीतरी चिकटलंय, हलतंय पण! सासूबाई म्हणतात औषध मार. काय करू?

गच्चीवाली_माई
अगं थांब, औषध अजिबात नको! ते बहुतेक कॉमन मॉरमॉन नाहीतर लाइम बटरफ्लायचं सुरवंट आहे. लहान असताना ते शीटेसारखंच दिसतं, पक्ष्यांनी खाऊ नये म्हणून. कात टाकत टाकत शेवटी हिरवंगार होतं. तेव्हा हळूच बोट लावून बघ, डोक्यामागून दोन टोकांचं शिंग बाहेर काढतं आणि उग्र वास सोडतं. कढीपत्ता आणि लिंबू एकाच कुळातले, म्हणून मोठ्या कुंडीत लिंबू लाव. ब्लू मॉरमॉन, 2015 पासून आपल्या राज्याचं फुलपाखरू, तेही याच कुळातल्या झाडांवर अंडी घालतं. कढीपत्त्याची दोन रोपं ठेव, एक फोडणीला आणि एक त्यांना, म्हणजे सासूबाईंचीही तक्रार नाही. फुलं मधासाठी लागतात, पण पिल्लांना पानं लागतात आणि प्रत्येकाचं पान ठरलेलं असतं. पानफुटी लावलीस तर रेड पिएरो येईल, त्याचं सुरवंट पानाच्या आत शिरून गर खातं, वरचा पापुद्रा तसाच राहतो. पान खराब झालं म्हणून तोडू नकोस. रुईवर प्लेन टायगर येतं.

कोळीप्रेमी_ठाणे
ताई, जाळ्यांवर झाडू फिरवू नका एवढीच विनंती. कुंड्यांच्या मधल्या जागेत सिग्नेचर स्पायडर बसला तर जाळ्यात मधोमध पांढऱ्या नागमोडी रेघांची फुली विणतो, सकाळच्या उन्हात बघाच. उड्या मारणारे कोळी शिकारीसाठी जाळं विणतच नाहीत, पानापानावर फिरून माश्या टिपतात. शहरात काय असणार असं वाटतं ना? 2021 मध्ये आमच्या ठाणे-कल्याण भागातून उड्या मारणाऱ्या कोळ्याची नवीन जात नोंदली गेली, तिला 26/11 च्या तुकाराम ओंबळेंचं नाव दिलंय, आयशियस तुकारामी. मला याचा फार अभिमान वाटतो. कुंडीत पालापाचोळा राहू द्या, कोळ्यांना लपायला जागा लागते.

जास्वंदवाला
हे सगळं ठीक, पण माझ्या जास्वंदीवर पिठ्या ढेकूण इतका झालाय की कळ्या गळतात. निंबोळी अर्क तरी चालतो ना, तो तर नैसर्गिक आहे?

गच्चीवाली_माई
दादा, नैसर्गिक असला तरी पान खाणारी सुरवंटं त्यानेही मरतात, कात टाकता येत नाही त्यांना. आधी पाण्याचा जोरदार फवारा मारा, फारच लागलेला शेंडा छाटून टाका. मग थोडं थांबा, पिठ्या ढेकूण खायला लेडीबर्ड किड्याच्या अळ्या येतात, त्या मोठ्या लेडीबर्डसारख्या अजिबात दिसत नाहीत म्हणून लोक कीड समजून मारतात. आणि नर्सरीतून रोप घेताना औषध मारलंय का विचारा, काही औषधं झाडात भिनून मधात उतरतात.

वांगी_टोमॅटो_आणि_मी
मधमाश्यांचं कोणी बोललंच नाही! सातेरी, फुलोरी येतातच, पण निळ्या पट्ट्यांची एकटी राहणारी माशी बघा. वांग्याच्या, टोमॅटोच्या फुलाला धरून अंग थरथरवते, गूंऽऽ असा आवाज येतो आणि पराग झडतात. ती मातीत घर करते म्हणून एका पसरट कुंडीत काही न लावता नुसती माती ठेवा, सारखी उकरू नका. तुळशीच्या सगळ्या मंजिऱ्या खुडू नका, थोड्या फुलू द्या. गुलाबाच्या पानाला कंपासने कापल्यासारखे गोल काप दिसले तर तीही माशीच, पानाचे तुकडे घरट्यात नेते, झाडाला काही होत नाही. आणि कुंभारीण माशीची मातीची मडकी खिडकीवर दिसली तर राहू द्या, ती पिल्लांसाठी त्यात सुरवंटं भरून ठेवते.

रश्मी_कोथरूड
माई, औषधाची बाटली कपाटात गेली! लिंबू, पानफुटी आत्ताच आणू की पाऊस सुरू झाल्यावर? आणि रुई कुंडीत जगेल?

गच्चीवाली_माई
पाऊस सुरू झाला की आण, रोपं पटकन धरतात. रुई मोठ्या ड्रममध्ये जगते, अधूनमधून छाटावी लागते. तेवढा तिचा चीक डोळ्यात जाऊ देऊ नकोस, छाटल्यावर हात साबणाने धू.