‘फोर्टिफाइड मॅनर हाउस’ : गढी, वाडा की किल्ला?

अनुवादिका : इंग्लंडच्या श्रॉपशरमधल्या ॲक्टन बर्नेल या गावातल्या एका पडक्या वास्तूवरचा लेख मराठीत करते आहे. पाटीवर ‘कॅसल’ आहे, जाणकार मात्र तिला ‘फोर्टिफाइड मॅनर हाउस’ म्हणतात. बांधणारा रॉबर्ट बर्नेल हा इंग्लंडचा राजा पहिला एडवर्ड याचा चॅन्सेलर (मुख्य मंत्री) आणि बाथ-वेल्सचा बिशप. राजाने त्याला जानेवारी १२८४ मध्ये तटबंदीचा परवाना दिला. ‘किल्ला’ लिहिलं तर वाचकाला राजगड दिसणार, ‘वाडा’ लिहिलं तर चौक आणि तुळशीवृंदावन. काय लिहू?

लातूरवाला : गढी! यात विचार कसला करायचा? आमच्या मराठवाड्यात गावोगावी आहेत. खाली दगडाचं काम, वर पांढऱ्या मातीच्या हातभर नव्हे, चांगल्या पुरुषभर रुंद भिंती, कोपऱ्यांना बुरूज आणि आत पाटलाचा नाहीतर देशमुखाचा वाडा. ती फौज ठेवायला नसायची. लुटारू आले की गावानं आत शिरायचं आणि दार लावायचं. आता बहुतेक गढ्यांचे ढिगारे झालेत, कारण माळवदावर टाकायला लोकांनी तीच माती खणून नेली. तुमच्या बर्नेलसाहेबांच्या घराचं काय झालं?

अनुवादिका : दगडाचं असल्यामुळे थोडं बरं. १४२० च्या सुमारास तिथला राबता थांबला. वारशानं ते लव्हेल घराण्याकडे गेलं. फ्रान्सिस लव्हेल राजा तिसऱ्या रिचर्डच्या गोटातला, त्यामुळे १४८५ मध्ये रिचर्ड हरल्यावर नव्या राजानं, सातव्या हेन्रीनं, सगळं जप्त केलं. पुढे तर कोठार म्हणून वापरलं. छप्पर गेलं, लाल वालुकाश्माच्या भिंती उभ्या आहेत.

खडूस मुद्रितशोधक : लातूरवाले, गढीत तट वेगळा आणि वाडा वेगळा. इथे घराची भिंत हाच तट. एकच आयताकृती इमारत, चार कोपऱ्यांना चार बुरूज, वरच्या मजल्यावर दिवाणखाना आणि त्याला भल्यामोठ्या खिडक्या. खऱ्या वेढ्याची भीती असलेला माणूस अशा खिडक्या ठेवत नाही. हा रुबाब आहे, संरक्षण नावापुरतं.

आणि ताई, त्या परवान्याला ‘तटबंदीचा परवाना’ म्हणू नका. मूळ शब्दाचा रोख चर्यांवर आहे : भिंतीच्या माथ्यावर चर्या काढायची मुभा. चर्या, जंग्या आणि फांजी यांची आपल्याकडे नेहमी खिचडी होते. चर्या म्हणजे माथ्यावरचे दातेरी उंचवटे, जंग्या म्हणजे मारा करायची भोकं, फांजी म्हणजे तटावरून फिरायची वाट. चर्या दिसल्या की घरधन्यावर राजाची मर्जी आहे हे लांबूनच कळायचं, म्हणून लोक परवाना मागायचे. पुण्यातही शनिवारवाड्याच्या दिल्ली दरवाजाला छत्रपती शाहूंची नापसंती होती आणि तो त्यांच्यानंतर पुरा झाला, असं सांगतातच की! नऊ बुरूज असूनही त्याला आपण वाडाच म्हणतो, हेही ध्यानात घ्या.

लातूरवाला : बरं, मग ‘मॅनर’ म्हणजे काय? घरच ना?

खडूस मुद्रितशोधक : नाही. मॅनर म्हणजे आधी जमीन आणि तिच्यावरचे हक्क : कुळांकडून खंड, वेठ, धन्याचं स्वतःचं न्यायासन. घर नंतर. ‘वतन’ जवळचा वाटतो, पण वतन पाटीलकी-कुलकर्णीसारख्या गावच्या हुद्द्याशी बांधलेलं, म्हणून ‘जहागीर’ त्यातल्या त्यात बरा. गंमत म्हणजे आपल्याकडे गावावरून आडनाव पडतं, तिथे ॲक्टनला बर्नेल घराण्याचं नाव चिकटलं.

अनुवादिका : परवाना मिळण्याच्या आदल्या वर्षी, १२८३ च्या शरदात, एडवर्डची पार्लमेंट याच गावात आली होती. जवळच्या श्रूझबरी शहरात वेल्सचा बंडखोर राजपुत्र डॅफिड याला देहदंड देऊन मंडळी इकडे वळली. जवळच एका दगडी कोठाराच्या दोन त्रिकोणी भिंती उरल्या आहेत, सभा तिथे भरली असं गावकरी मानतात. इथेच झालेल्या कायद्यानं व्यापाऱ्यांना उधारी महापौरासमोर नोंदवता येऊ लागली आणि ऋणकोनं बुडवली तर त्याचा माल विकून वसूल करता येऊ लागली. त्या कागदाला मी ‘कर्जरोखा’ म्हटलंय.

खडूस मुद्रितशोधक : चालेल. मथळ्यात ‘ॲक्टन बर्नेलची गढी’ छापा, लोकांना पटकन कळेल. पहिल्या परिच्छेदात मात्र ‘चर्या आणि बुरूज असलेला जहागीरदाराचा वाडा’ असं एकदा सविस्तर लिहा. बुरूज चौकोनी आहेत हेही घाला, नाहीतर तुमचा चित्रकार गोल काढून मोकळा होईल.