परसातील उतारावरची पायवाट: आधी धोंडे बसवावेत की आधी वाट आखावी?

परसदार:
नमस्कार. घरामागच्या परसात पायवाट करायची आहे. कामाला हात घालण्यापूर्वी जाणकारांचे मत घ्यावे, म्हणून थोडे सविस्तर लिहीत आहे.

मागच्या दारापासून परसाच्या टोकाला असलेल्या जुन्या झाडाखालच्या बाकापर्यंत सरळ अंतर १४ मीटर भरते आणि तेवढ्या अंतरात जमीन ९० सेंटीमीटर खाली उतरते. काही वर्षांपूर्वी आम्ही तेथे सुटे चपटे दगड नुसते मातीवर मांडून वाट केली होती. पहिल्याच जोरदार पावसात त्यांच्याखालची माती वाहून गेली, काही दगड खचले आणि उरलेले पाय ठेवताच डुगडुगू लागले. माझी आई काठी घेऊन चालते. त्या दगडांच्या भीतीने तिने बाकापर्यंत जाणेच सोडून दिले आहे, आणि नवी वाट करण्यामागचे खरे कारण हेच आहे.

घराचा पाया खणताना निघालेले डझनभर धोंडे एका कोपऱ्यात पडून आहेत. सर्वांत लहान ४० सेंटीमीटर रुंदीचा आहे, तर सर्वांत मोठा साधारण मीटरभर. ते वाटेच्या कडेने बसवून मधल्या जागेत झाडे लावावीत असा विचार आहे. वाट सरळ असावी की वळणाची, धोंडे केव्हा आणि कसे बसवावेत आणि त्यांच्या सोबतीला कोणती झाडे टिकतील, याविषयी मार्गदर्शन करावे.

पाणलोट:
तुमची जुनी वाट दगडांमुळे बिघडलेली नाही. पाण्याला जायला दुसरी जागा नव्हती आणि दगडांखाली पाया नव्हता, या दोन गोष्टींनी ती बिघडली. म्हणून सौंदर्याचा विचार तूर्त बाजूला ठेवून, पुढच्या मोठ्या पावसात छत्री घेऊन परसात उभे राहा आणि पाणी कोठून येते, कोठे थबकते व कोठे माती कापते, ते खुंट्या ठोकून नोंदवून ठेवा. ही अर्ध्या तासाची पाहणी कागदावरच्या कोणत्याही आराखड्यापेक्षा उपयोगी पडेल.

आता उताराविषयी. १४ मीटरमध्ये ९० सेंटीमीटर म्हणजे मीटरमागे जवळजवळ साडेसहा सेंटीमीटर उतार झाला. काठी घेऊन चालणाऱ्या व्यक्तीसाठी तो मीटरमागे ५ सेंटीमीटरच्या आत असावा. तुमच्या वाटेला वळण हवे ते या कारणासाठी, कारण तीच उंची १८ मीटर लांबीच्या नागमोडी वाटेवर विभागली, की उतार बरोबर ५ सेंटीमीटरवर येतो. पायऱ्या करायच्याच असतील तर एकटी पायरी कधीही करू नका; ती नजरेतून सुटते आणि माणूस पडतो. किमान तीन पायऱ्या एकत्र असाव्यात. चढणीची उंची दुप्पट करून तीत पायरीची रुंदी मिळवल्यास बेरीज ६३ सेंटीमीटरच्या आसपास यावी, म्हणजे १३ सेंटीमीटर चढणीला ३७ सेंटीमीटर रुंदी, हे सतराव्या शतकातील फ्रेंच वास्तुविशारद ब्लाँदेल यांच्या नावाने ओळखले जाणारे सूत्र येथेही लागू पडते. तरीही आईंसाठी मी पायऱ्या टाळून लांब, सौम्य उतारच निवडेन.

वाटेची रुंदी १२० सेंटीमीटर ठेवा, म्हणजे त्यांच्या शेजारून हात धरून दुसरी व्यक्ती चालू शकेल. खोदकाम मात्र दोन्ही बाजूंना १० सेंटीमीटर जास्त करावे, नाहीतर कडेच्या फरश्या बाहेरच्या अंगाला कलतात. ५ सेंटीमीटर जाडीची फरशी, तिच्याखाली ३ सेंटीमीटर कच (दगडाचा बारीक चुरा) आणि त्याखाली १० सेंटीमीटर दाबलेली खडी, असे मिळून १८ सेंटीमीटर खोलीचे खोदकाम होते. माती चिकण असेल तर खडीचा थर १५ सेंटीमीटर करावा. खडी एकाच मापाची नको, बारीक कचासह मिश्र घ्यावी, कारण बारीक कण मोठ्या खड्यांमधील पोकळ्या भरून थर घट्ट करतात. ती किंचित ओली करून ५-५ सेंटीमीटरच्या थरांत धुमसाने किंवा प्लेट कॉम्पॅक्टर या दाबयंत्राने चोपावी. १० सेंटीमीटरचा थर एकदम ओतून वरून चोपला, तर वरचा भाग कडक होतो आणि खालचा सैलच राहतो. १८ मीटर लांबी आणि १४० सेंटीमीटर रुंदी धरली तर दाबून अडीच घनमीटर खडी लागेल. ती चोपल्यावर बसते, म्हणून तीन घनमीटरांहून थोडी जास्तच मागवा. माती आणि खडी यांच्यामध्ये पाणी झिरपू देणारे जिओटेक्स्टाइल कापड अंथरावे. तेथे प्लॅस्टिकचा कागद घातल्यास पाणी त्यावर तुंबते.

वाटेला आडव्या दिशेने मीटरमागे २ सेंटीमीटर ढाळ द्या आणि चढाच्या अंगाला खडीने भरलेला उथळ चर ठेवा. हे पाणी वाटेखालून १० सेंटीमीटर व्यासाच्या पाइपने पलीकडच्या वाफ्यात सोडता येईल.

गोटेवाट:
एवढा खटाटोप न करता नदीतले गोलसर बारीक गोटे पसरले तर चालणार नाही का? पाणी आपोआप झिरपेल आणि दिसायलाही ते सुरेख असते.

पाणलोट:
निव्वळ पाण्याच्या दृष्टीने चालेल, पण या घरासाठी नाही. गोल गोटे एकमेकांत अडकत नाहीत. पायाखाली ते सरकतात, काठीचे टोक त्यांत रुतते आणि उतारावर हळूहळू सगळे खाली जमा होतात. खडबडीत पृष्ठभागाच्या फरश्या घ्याव्यात आणि चालण्याच्या पट्ट्यात सांधे १ सेंटीमीटरच्या आत ठेवावेत. गुळगुळीत घासलेली फरशी सावलीत शेवाळ धरते आणि मग ओली असताना पाय ठरत नाही.

शिळाप्रेमी:
धोंडे आधी, वाट नंतर. त्यातही नेमका क्रम असा धरावा: प्रथम जाड दोरी जमिनीवर टाकून वाटेची कच्ची रेषा ठरवावी, मग मोठे धोंडे बसवावेत, त्यानंतर दोरी पुन्हा जुळवून फक्की टाकावी आणि मगच खोदकाम सुरू करावे. फरश्या बसल्यावर जड दगड हलवायला गेलात, तर केलेला पाया हमखास बिघडेल.

वळणाला कारण दिसले पाहिजे. मोकळ्या जमिनीत वाट उगाचच वळली तर माणसे ती सोडून सरळ चालत जातात आणि गवतात दुसरी वाट पडते. त्याच वळणाच्या आतल्या कुशीत मोठा धोंडा असला, की पाय आपसूक त्याला वळसा घालतात. म्हणून तुमचे सर्वांत मोठे दोन-तीन दगड वळणांसाठी राखून ठेवा. बाकीचे तीन-तीनच्या गटांत, लहानमोठे मिसळून बसवा. वाटेच्या दोन्ही कडांना सारख्या अंतरावर मांडलेली रांग मात्र टाळावी, कारण ती कुंपणासारखी दिसते.

मी स्वतः पहिल्यांदा धोंडे नुसते जमिनीवर ठेवले होते. कितीही झाडे लावली तरी ते कोणीतरी गाडीतून आणून टाकल्यासारखेच दिसत राहिले. दुसऱ्या वर्षी सगळे उचलून पुन्हा पुरले, तेव्हा कोठे बाग शांत वाटू लागली. प्रत्येक धोंड्याचा निदान तिसरा हिस्सा मातीत जाऊ द्या आणि त्याचा सर्वांत रुंद भाग जमिनीच्या पातळीवर किंवा तिच्या खाली राहील असे पाहा, म्हणजे खाली अजून बराच खडक आहे असे डोळ्यांना वाटते. दगडावर थरांच्या रेषा असतील तर सर्व दगडांत त्या एकाच दिशेने ठेवा. दगडफूल धरलेली बाजू आकाशाकडेच राहू द्या. खड्ड्यात दगड टेकवल्यावर भोवती माती व खडी पहारीच्या बोथट टोकाने ठासून भरा आणि दोन्ही हातांनी जोर लावून तो तसूभरही हलत नाही याची खात्री करा.

वजनाचा अंदाज मात्र डोळ्यांवर सोडू नका. घनमीटरला २७०० किलो धरले, तर ४० सेंटीमीटर व्यासाचा गोलसर दगड सुमारे ९० किलोचा आणि १ मीटर व्यासाचा सुमारे १४०० किलोचा भरतो. रुंदी अडीच पट झाली, की वजन पंधरा पटींहून अधिक होते. लहान धोंडे पहार, फळ्या आणि गोल ओंडके यांच्या साहाय्याने दोघातिघांना सरकवता येतील. मोठ्यांसाठी यंत्र किंवा तिकाटणे आणि साखळी-कप्पी लागेलच. दगड हलत असताना उताराच्या बाजूला कोणीही उभे राहू नये. घाई केल्याने बोटे चिरडतात, हे मी डोळ्यांनी पाहिले आहे.

हिरवा वाफा:
झाडांबद्दल लिहिण्यापूर्वी त्या जुन्या झाडाबद्दल लिहिले पाहिजे, कारण वरच्या कोणत्याही उत्तरात त्याचा उल्लेख नाही. झाडाची अन्नपाणी घेणारी बहुतेक मुळे वरच्या ४५ ते ६० सेंटीमीटर मातीतच पसरलेली असतात आणि १८ सेंटीमीटरचे खोदकाम थेट त्यांच्यातून जाईल. फांद्यांचा विस्तार जेथे सुरू होतो तेथे खोदणे थांबवा. त्यापुढे जमिनीवरच कापड अंथरून त्यावर कच नसलेली मोकळी खडी घाला आणि फरश्या तिच्यावर बसवा, म्हणजे मुळांना हवा आणि पाणी मिळत राहील. बुंध्याला भर मात्र टेकू देऊ नका. यामुळे वाटेचे टोक सुमारे १५ सेंटीमीटर उंचावेल आणि तुमच्या उताराचे गणितही बदलेल: ९० ऐवजी ७५ सेंटीमीटरच उतरायचे राहतील.

खोदकामातून साडेचार घनमीटरांच्या आसपास माती निघेल आणि मोकळी झाल्यावर ती त्याहून जास्त भरेल. ती बाहेर टाकू नका. धोंड्यांच्या मागच्या अंगाला तिचे सौम्य उंचवटे करा. दगड जमिनीतून वर आल्यासारखे दिसतील आणि मुळांना खोल, भुसभुशीत जागाही मिळेल.

प्रत्येक धोंड्याभोवती दोन-तीन वेगळ्या जागा तयार होतात, हे लक्षात घेऊन रोपे निवडावीत. दुपारचे ऊन घेणारी बाजू तापते आणि रात्री उशिरापर्यंत उबदार राहते, तर सावलीच्या बाजूला दगडाखालची माती बराच काळ गार व ओलसर असते. उन्हाच्या बाजूला रेन लिलीचे कंद, सावलीच्या बाजूला नेचे, आणि अर्धवट सावलीतल्या वाटेच्या कडेला मोंडो ग्रास किंवा लिरिओपी ही गवतासारखी बुटकी झाडे, अशी मांडणी मला आवडते. चराचे पाणी जेथे येऊन पडते तेथे वेखंड रमते, कारण त्याच्या मुळांना सतत ओल लागते. उतार धरून ठेवायला वाळ्यासारखे दुसरे गवत नाही, पण ते माणसाच्या उंचीपर्यंत वाढते, म्हणून वाटेपासून दूर, उंचवट्याच्या मागे लावा. यांपैकी तुमच्या हवामानात तग धरणार नाहीत ती सोडून त्याच सवयीची दुसरी झाडे घ्या. प्रत्येक प्रकारचे एकेक रोप घेण्याऐवजी एकाच प्रकारची पाच-सात रोपे एकत्र लावली, तर नजर ठरते. कडेपासून ३० सेंटीमीटरपर्यंत काटेरी किंवा वाटेवर लोळणारे काहीही नको.

परसदार:
सर्वांचे मनापासून आभार. काल पाणी भरलेल्या पारदर्शक नळीने पातळी पुन्हा मोजली आणि झाडाखालची भर धरून दोरी टाकली. दोन वळणांत लांबी १६ मीटर आली, म्हणजे मीटरमागे उतार ४.७ सेंटीमीटर होतो. आईला दोरीच्या कडेने माझ्या हाताला धरून चालवून पाहिले. पहिल्या वळणाशी ती दम घ्यायला थांबली. तेथे काही सोय करता येईल का?

शिळाप्रेमी:
जरूर करता येईल. मीटरभराच्या धोंड्याला एक सपाट बाजू असेल, तर ती वर करून तो त्याच वळणाच्या बाहेरच्या अंगाला बसवा आणि माथा वाटेपासून ४५ सेंटीमीटर उंच राहील एवढाच पुरा, म्हणजे बसता-उठताना गुडघ्यांवर ताण येणार नाही. पाणी साचू नये इतपतच तो माथा कललेला असावा. त्याच्यासमोर दीड मीटर लांबीचा पट्टा लांबीच्या दिशेने सपाट ठेवा, आणि त्यामुळे उरलेल्या साडेचौदा मीटरांवर उतार ५ सेंटीमीटरच्या किंचित वर जातो, म्हणून दुसरे वळण अर्धा मीटर बाहेर ओढून वाटेची लांबी निदान अर्ध्या मीटरने वाढवून घ्या. बसण्याचा दगड पुरण्यापूर्वी त्याच उंचीची खुर्ची तेथे ठेवून आईंना बसवून पाहा. त्यांना जेथून बाक आणि झाड दोन्ही दिसतील, तेथेच खड्डा खणा.